स्पेनची सार्वत्रिक निवडणूक, १९३६

स्पेनच्या दुसऱ्या प्रजासत्ताकातील तिसरी व अखेरची संसदीय निवडणूक. राष्ट्राध्यक्ष निसेतो आल्काला-थामोरा यांनी जानेवारीत संसद (कोर्तेस) विसर्जित केल्यानंतर ४७३ जागांसाठी १६ फेब्रुवारी १९३६ रोजी मतदान झाले. डावे प्रजासत्ताकवादी, समाजवादी व कम्युनिस्ट ‘लोकआघाडी’त एकत्र आले होते. ऑक्टोबर १९३४ च्या आस्तुरियास उठावातील कैद्यांची मुक्तता हे त्यांचे सर्वांत प्रभावी आश्वासन ठरले. एरवी मतदानावर बहिष्कार टाकणाऱ्या अनेक अराजकतावादी कामगारांनीही त्यासाठी मत दिले. उजव्या बाजूला हिल रोब्लेस यांचा कॅथलिक पक्ष प्रमुख होता.

दोन्ही बाजूंच्या मतांत फरक थोडाच होता. परंतु मतदारसंघात आघाडीवर राहणाऱ्या यादीला बहुसंख्य जागा देणाऱ्या कायद्यामुळे लोकआघाडीला स्पष्ट बहुमत मिळाले. दुभंगलेल्या देशात हा कायदा घातकच होता: थोडक्यात हरलेल्यांना सर्वस्व गमावल्यासारखे वाटले. निकाल येत असतानाच जनरल फ्रँको यांनी लष्करी कायदा पुकारण्याचा आग्रह धरला. पंतप्रधान पोर्तेला यांनी तो मानला नाही, मात्र १९ फेब्रुवारीलाच राजीनामा दिला आणि मान्युएल आसान्या सत्तेवर आले. फ्रँकोंना कॅनरी बेटांवर धाडण्यात आले.

पुढचे महिने संप, जमिनींचे ताबे व राजकीय खुनांचे होते. १३ जुलैला उजव्यांचे नेते काल्वो सोतेलो यांची हत्या झाली. लष्करी कट त्याआधीच शिजला होता. १७ जुलैला स्पॅनिश मोरोक्कोत बंड उसळले.