पायलीभर धान

आमच्या आजीला सन-तारीख ठाऊक नव्हती. कोण कधी जन्मलं, त्यावर तिची वर्षं चालायची. हा मोठ्या पुरातला, तो तलाव फुटला त्या सालचा, ती चिमूरच्या गोळीबारातली. आजी म्हणजे आईची आई, नागभीडकडच्या खेड्यातली सुईण. चिमूरची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, आणि प्रत्येकाची वेगळी. 16 ऑगस्ट 1942, नागपंचमीचा दिवस. चिमूरला गोळी चालली, लोक खवळले, मग पलटण आली. गावोगावचे पुरुष धरून नेले, उरलेले रानात लपले. त्याच दिवसांत तिकडची एक बाई अडली. आजीला न्यायला कंदील घेऊन कोण आलं? आई म्हणायची, बाईची सासू. मामा म्हणायचे, पोरसवदा दीर. आजी स्वतः कधी हे सांगे, कधी ते. पोरगी सुखरूप झाली आणि आजीला पायलीभर धान मिळालं, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत.

पुढे मी चांद्याला नर्सिंग शिकायला गेले. (कागदावर चंद्रपूर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आजीच्या तोंडी शेवटपर्यंत चांदाच.) लेबर रूममध्ये सुरुवातीला नुसतं उभं राहायचं. केस बुकात पाहिलेल्या बाळंतपणांची पानं वेगळी, केलेल्यांची वेगळी. पहिली भरल्याशिवाय दुसऱ्यांना हात लावायचा नाही. आमच्या सिस्टर केरळच्या, मराठी बोलायच्या ती त्यांच्याच चालीत. अॅल्युमिनियमचा भोंगा पोटावर टेकवून बाळाचे ठोके मोजायला लावत. मिनिटाला 120 ते 160, कळ ओसरल्यावर मोजायचे. मग तळवा पोटाच्या वरच्या अंगाला ठेवून दहा मिनिटांत कळा किती, एकेक किती वेळ टिकते, ते घड्याळावर बघायचं. सुट्टीत हे आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग मी काय करत होती? हात ठेवाचा, तोंड बंद ठेवाचं. पोट दगडावानी होते, मंग सैल पडते. सैल पडन्याची वाट पाहाची, माय."

वार पाहायची तिची रीत मला अजून दिसते. पळसाचं रुंद पान जमिनीवर, त्यावर वार उलटी पसरायची आणि बोटानं एकेक फोड चाचपत जायचं. एक फोड कमी दिसली की बाईच्या उशापासून उठायचं नाही, कारण आत राहिलेल्या तुकड्यानं रक्त थांबत नाही. सिस्टर हेच नळाखाली ट्रेमध्ये दाखवत. फरक पुढचा. सिस्टरच्या हाताशी मेथर्जिनचं इंजेक्शन होतं. आजीच्या हाताशी पोट चोळणं आणि देवाचं नाव.

उगाच आजीचे गोडवे गात नाही. नाळेला ती राख लावायची. पहिलं पिवळं दूध फेकायला लावायची आणि बाळाला गुळाचं पाणी चाटवायची. दोन्ही वाईटच. तिच्या बाळंतिणीला तूप घातलेला मऊ भात आणि सुंठ-गूळ मिळे, ते बरं; बारशाचे लाखोळीच्या डाळीचे वडे मात्र तिला स्वतःलाच हवे असायचे, हा माझा जुना संशय आहे.

26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. आम्हाला वॉर्डात ते कळलं बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. भामरागडकडची एक माडिया आदिवासी बाई तेव्हा टेबलावर होती असं मला आठवतं. की ती नंतरची, सांगता येत नाही. तिला उतरून खाली उकिडवं बसायचं होतं. आम्हाला माडिया येत नव्हतं, तिला मराठी. आम्ही तिला पुन्हा पुन्हा आडवं केलं, कारण पुस्तकात तसंच होतं. आजीच्या हातच्या साऱ्या बायका आढ्याला बांधलेली दोरी धरून, बसूनच बाळंत झालेल्या. आता उताणं निजण्याची सक्ती नको, सोबतीला घरची बाई असू द्या, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते आणि 2017 पासूनचा सरकारचा 'लक्ष्य' कार्यक्रमही. आजी असती तर हसली असती.

दाईला हाकलण्याऐवजी शिकवावं, हे गडचिरोली जिल्ह्यात आधी करून दाखवलं ते डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं. मणी आणि वाळूचं घड्याळ बसवलेला त्यांचा श्वासमोजक निरक्षर बाईलाही चालवता येई: दहा श्वासांना एक मणी. पुढे 39 गावांत आरोग्यदूत बायका घरोघरी जाऊन नवजात बाळं सांभाळू लागल्या आणि बालमृत्यू इतके उतरले की 1999 साली 'लॅन्सेट'नं ते छापलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन जे करते, त्याचं मूळ इथलं. नदीपल्याडच्या बायकांना दिवस भरायच्या आधीच आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात आणून ठेवतात, तेही चांगलंच आहे. कारण पावसाळ्यात पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर आलं की भामरागड आजही तुटतं.

गडचिरोलीला शिकायला येणाऱ्या पोरींना एवढंच सांगणं आहे. पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपणाचा तक्ता, पिशवीचं तोंड चार सेंटीमीटर उघडलं की सुरू होतो. त्याच्या आधी माडियातली चार वाक्यं शिकून घ्या: पाणी हवं का, बसायचंय का, कुठं दुखतं, जवळ कोणाला बोलावू? शिकवायला वॉर्डातली कुठलीही माडिया बाई तयार होईल.