काठीच्या होळीत तृतीयांशाचा नियम

हौशी चित्रीकरण शिकवताना पहिल्याच तासाला सांगतात: चौकट नऊ घरांत वाटा, माणूस मध्यावर ठेवू नका, रेघांच्या छेदावर आणा आणि फोन आडवा धरा. फोनच्या पडद्यावर या रेघा आता आयत्या मिळतात. हा पूर्वपक्ष टाकाऊ नाही. नवशिका प्रत्येकाचं नाक बरोब्बर मध्यावर आणतो आणि डोक्यावर हातभर आभाळ सोडतो; ती खोड या रेघांनी मोडते. पण खोड मोडण्याचा तोडगा म्हणजे शास्त्र नव्हे.

तृतीयांशाच्या या नियमाचं कूळ पाहा. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने 1797 साली ग्रामीण निसर्गदृश्यांविषयी लिहिताना तो मांडला, म्हणजे जागचं न हलणाऱ्या चित्रासाठी. नैयायिकांच्या कसोटीवर त्यात दोन दोष निघतात: अव्याप्ती, म्हणजे चांगली चौकट नियमाबाहेर राहणं, आणि अतिव्याप्ती, म्हणजे फसलेली चौकटही नियमात बसणं. अव्याप्ती तर उघड आहे: जपानी दिग्दर्शक ओझूच्या ‘टोकियो स्टोरी’त (1953) माणसं कॅमेऱ्यासमोर थेट मध्यावर बसून बोलतात आणि ती चौकट कुणी चुकीची म्हणत नाही. अतिव्याप्ती पाहायला मात्र काठीला जावं लागेल.

अक्कलकुवा तालुक्यातल्या या गावाची राजवाडी होळी 1246 पासूनची सांगतात. अवजार न लावता हातांनी खड्डा खणतात, त्यात 70 फुटांच्या आसपासचा बांबू उभा करतात. रात्रभर ढोल चालतो, होळी पेटते ती पहाटे. नाचणाऱ्याला बुध्या म्हणतात: त्याच्या अंगावर पांढरी नक्षी, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप.

आता नियम लावा. त्याचा चेहरा छेदावर घेतला, जवळून, फोन आडवा धरून. वर टोप कापला, खाली भोपळे गेले. नियम तंतोतंत पाळला आणि नाच तेवढा हरवला, कारण तो नाच कमरेत आहे: पाऊल आपटतं, भोपळे एकमेकांवर आदळतात, मग घुंगरू. शिवाय तो रिंगणात फिरतो. क्षणात रेघ सोडून निघून जातो, त्याच्यामागे फोन धावतो आणि घरी पाहताना डोकं गरगरतं.

आडव्या फोनचा हट्टही तसाच. 1930 साली हॉलिवूडमध्ये सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइनने आडव्या पडद्याविरुद्ध चौरसाची बाजू मांडली होती, ती उभ्या वस्तूंना न्याय मिळावा म्हणूनच. अख्खा बांबू मावावा म्हणून आडवा फोन जितका मागे न्यावा लागतो, त्याहून बऱ्याच कमी अंतरावर उभ्या फोनचं काम होतं, आणि खालची माणसंही मुंग्यांएवढी दिसत नाहीत.

मग मंडन काय? चलच्चित्रात चौकट रेघांनी ठरत नाही. आपण कुठे उभे राहतो आणि तिथे किती वेळ थांबतो यावर ठरते. रिंगणात घुसू नये. (घुसणारे दरवर्षी असतातच, इतरांच्या चौकटीत त्यांचीच पाठ येते.) कडेला उकिडवं बसावं, फोन कमरेच्या उंचीवर, टोपापासून पावलापर्यंत सगळं मावेल इतकं अंतर ठेवून. ज्वाळेमुळे चेहरे काळे पडतात, म्हणून फोनमधला उजेड (एक्स्पोजर) माणसावर जुळवून तिथेच बांधून टाकावा. मग हलू नये. बुध्या उजवीकडून बाहेर गेला तर जाऊ द्यावा. चौकट रिकामी होते, मागे जळता बांबू आणि उडणाऱ्या ठिणग्या उरतात, ढोल चालूच असतो. थोड्या वेळाने डावीकडून आधी भोपळ्यांचा खडखडाट येतो, मग मोरपिसं.