किकवीहून दोन घंटांकडे

पुणे-सातारा महामार्गावरील किकवी हे भोर तालुक्यातील गाव बहुतेक प्रवासी मोटारीच्या काचेतून पाहतात आणि पुढे निघून जातात. वसईकडचा कुणी पाहुणा सायकल घेऊन या बाजूस आला, तर त्याने किकवीपासूनच आपल्या फेऱ्या आखाव्यात, असे आम्ही सुचवू. कारण येथून उत्तरेस एक आणि दक्षिणेस एक, अशा वसईच्या दोन घंटा आहेत.

मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. तेथील ख्रिस्तमंदिरांच्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर आल्या व देवळांत टांगल्या गेल्या. ही लूटच होती. तिला दुसरे सौम्य नाव शोधण्याचे कारण नाही. मात्र तो धातू वितळवून तोफा ओतता आल्या असत्या, तसे झाले नाही, हेही नोंदवले पाहिजे. वसईच्या किल्ल्यातील बहुतेक चर्च आज बिनछपराची उभी आहेत. त्यांच्या घंटा मात्र परक्या अंगणात का होईना, शाबूत आहेत.

पहिली फेरी सोपी, तासा-दीड तासाची. महामार्गाच्या कडेच्या सेवा रस्त्याने कापूरहोळ ओलांडून चेलाडी फाट्याला यावे आणि नसरापूरकडे वळावे. ट्रकांचा आवाज मागे पडतो आणि झाडीत बनेश्वर लागते. हे शिवालय नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधले. येथील घंटेवर क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे. देवळात येणारा भाविक ती सहज वाजवतो. क्रूसाकडे त्याचे लक्ष असतेच असे नाही. वसईकराने तेथे थोडा वेळ थांबावे. सायकलवाल्याला तशीही घाई नसते.

दुसरी फेरी दोन दिवसांची. नीरा ओलांडून शिरवळ, मग खंबाटकीचा घाट. सपाट किनाऱ्यावर सायकल हाकलेल्या पायांना हा चढ जाणवेल. उतरून चालण्यात कमीपणा नाही. वाईस मुक्काम करावा. जवळच मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे आणि कृष्णेच्या घाटावर दुसरी घंटा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली पवित्र मरिया आहे आणि १७०७ साल.

परतताना खंबाटकीच्या बोगद्यातून येऊ नये. सायकलला तो धोक्याचा. मांढरदेवीचा घाट चढून भोरला उतरावे. चढ आणखी दमवणारा, पण वाहने कमी आणि पावसाळा सरल्यावर डोंगर हिरवेगार. भोर ही पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी. १९४८ मध्ये ते विलीन झाले. राजवाडा पाहून कापूरहोळच्या रस्त्याला लागले, की भाटघरचे धरण येते. वेळवंडी नदीवरचे हे धरण १९२८ मध्ये पुरे झाले. त्याच्या पाण्यात कांबरेश्वराचे प्राचीन देऊळ बुडालेले आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते उघडे पडते. ते पाहायचे असेल तर मात्र मे महिन्यातच यावे लागेल, आणि मग पाण्याच्या दोन बाटल्या पुरणार नाहीत.