संगणकावरील चर्चेची पहिली बैठक

चर्चेसाठी सर्वांनी एका वेळी एका ठिकाणी जमले पाहिजे, हा सभेचा जुना नियम. हा नियम शिथिल करणारी संगणक प्रणाली म्हणजे 'कॉम्प्युटर कॉन्फरन्सिंग' होय. १९७१ मध्ये अमेरिकेत किंमती व वेतने गोठविण्यात आली. त्या वेळी विखुरलेल्या सरकारी कार्यालयांत समन्वय राखण्यासाठी मरे टुरॉफ यांनी 'एमिसारी' ही प्रणाली उभारली. पुढे १९७३ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' संगणकावर डेव्हिड वूली यांनी 'नोट्स', तर १९७५ मध्ये मिशिगन विद्यापीठात रॉबर्ट पार्न्स यांनी 'कॉन्फर' तयार केले. 'कॉन्फर'च्या धर्तीवर मार्कस वॉट्स यांनी युनिक्ससाठी 'पिकोस्पॅन' लिहिले. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली 'द वेल' ही प्रसिद्ध चर्चासेवा याच 'पिकोस्पॅन'वर चालत असे. तिच्या दोन संस्थापकांपैकी डॉ. लॅरी ब्रिलियंट यांनी त्यापूर्वी भारतातील देवी निर्मूलन मोहिमेत काम केले होते.

या प्रणालीची रचना साधी होती. सदस्य दूरध्वनी व मोडेमच्या साहाय्याने मध्यवर्ती संगणकाशी संपर्क साधत. सुरुवातीच्या मोडेमचा वेग सेकंदाला जेमतेम तीस अक्षरे असे. प्रत्येक विषयाला क्रमांक असे आणि त्याखाली उत्तरे आली त्याच क्रमाने मांडली जात. कोणी कुठपर्यंत वाचले आहे, याची नोंद संगणक ठेवी. त्यामुळे परतलेल्या सदस्यास केवळ नवी उत्तरे दिसत. उशिरा आलेल्यालाही चर्चा मुळापासून वाचता येई. चर्चेची घडी राखण्यासाठी एक सूत्रधार नेमलेला असे.

मात्र लेखी चर्चेमुळे एक नवा प्रश्न उभा राहिला. बोललेला शब्द विरून जातो. संगणकावरील शब्द टिकतो. मग त्यावर हक्क कोणाचा? 'वेल'ने याचे उत्तर नियमातच दिले होते. सदस्याची खरी ओळख झाकलेली नसे आणि लिहिलेल्या मजकुराची मालकी व जबाबदारी त्याचीच असे. आपले उत्तर पुसण्याची सोयही त्याला होती. परंतु पुसल्याची खूण मागे राही. १९९० मध्ये एका सदस्याने प्रोग्रॅम वापरून आपली वर्षानुवर्षांची सारी उत्तरे एकदम पुसून टाकली. शेकडो चर्चांत खिंडारे पडली आणि इतरांची उत्तरे संदर्भहीन झाली. ज्याचे शब्द त्याचा हक्क हे खरे. पण संवाद एकट्याचा नसतो, हे त्या वेळी सर्वांच्या ध्यानी आले.

व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश पुसल्यावर उरणारी ओळ ही त्याच खुणेची आठवण करून देते. वाचनाची नोंद, विषयवार मांडणी, सूत्रधाराचे अधिकार या सोयीही आज आपल्या अंगवळणी पडल्या आहेत. तंत्र बदलले, वेग वाढला. परंतु वैयक्तिक हक्क आणि सामूहिक स्मृती यांतील तो तिढा मात्र सुटलेला नाही.