पोराचा स्वेटर, खलाशाची गोष्ट

गेल्या दिवाळीनंतर मी भाच्यासाठी स्वेटर विणायला घेतला. भाचा तीन वर्षांचा, राहतो निफाडला. निफाडच्या थंडीची बातमी तुम्ही दर हिवाळ्यात वाचत असालच. लोकरीच्या दुकानातल्या काकूंनी विचारलं, "आईनं कुठली आणायला सांगितलीय?" मी म्हणालो, "मलाच हवीय." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा लॅपटॉपच्या बॅगेकडे, आणि मुकाट्यानं सुयांचा डबा पुढे केला.

विणायला मला आजीनं शिकवलं. सातवीत पाय मोडून सहा आठवडे घरी पडलो होतो, तेव्हा. सुलट, उलट आणि वेणी. वेणी म्हणजे ज्याला पॅटर्नमध्ये 'केबल' म्हणतात ती. दिसायला अवघड, करायला सोपी. सहा टाक्यांतले पहिले तीन एका छोट्या सुईवर काढून पुढच्या बाजूला लोंबत ठेवायचे, पुढचे तीन आधी विणायचे, मग ते बाजूला काढलेले. टाक्यांनी जागा बदलली की पीळ पडला. छोटी सुई मागे धरली तर पीळ उलट दिशेला जातो. काही ओळी साध्या, मग पुन्हा पीळ. आता कोड लिहिताना लूप लिहितो, तेव्हा कधीकधी हे आठवतं.

पॅटर्न शोधताना 'ॲरन स्वेटर' सापडला. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवेच्या उपसागराच्या तोंडाशी चुनखडकाची तीन बेटं आहेत: इनिश मोर, इनिश मान आणि इनिश इर. तिथला हा सायीच्या रंगाचा, भरगच्च पिळांचा स्वेटर जगभर विकला जातो. त्याच्यासोबत एक गोष्टही विकली जाते. पीळ म्हणजे मच्छीमारांचे दोर, मधाच्या पोळ्याची नक्षी म्हणजे कष्ट, शंकरपाळी म्हणजे बेटावरची शेतं. प्रत्येक घराण्याची नक्षी वेगळी. का, तर समुद्रात बुडालेल्या माणसाचं प्रेत कितीही दिवसांनी किनाऱ्याला लागलं, तरी स्वेटरवरून तो कोणत्या घरचा ते कळावं.

वाचून अंगावर काटा आला. मी लगेच ठरवलं, आपणही आपल्या घरची नक्षी करायची. भाच्याला मोठेपणी सांगायचं, हा बघ आपला पीळ.

पण कामाची सवय वाईट. कुठलीही गोष्ट 'आधीपासून अशीच आहे' असं कुणी म्हटलं, की हा बदल नेमका कधी आला ते शोधायला हात शिवशिवतात. मी शोधायला बसलो आणि दोन आठवड्यांत माझी गोष्ट उसवत गेली.

आधी प्रेताची गोष्ट घ्या. आयरिश नाटककार जॉन मिलिंग्टन सिंग १८९८ पासून सलग काही वर्षं या बेटांवर जाऊन राहिला. त्याचं 'रायडर्स टू द सी' हे नाटक १९०४ मध्ये डब्लिनला रंगमंचावर आलं. त्यात बुडालेल्या भावाची ओळख बहिणीला पटते ती विणलेल्या वस्तूवरूनच. पण ती वस्तू स्वेटर नाही, मोजा आहे, तोही साधा. तिथे घराण्याची नक्षी नाही. बहिणीनं तो स्वतः विणलेला असतो, किती टाके घातले आणि त्यातले किती सुटले हे तिला आठवत असतं. तिच्या हातून झालेली चूक, तीच ओळख. नाटकातल्या या मोज्याचा पुढे स्वेटर झाला आणि बहिणीच्या चुकीचं घराण्याचं चिन्ह झालं.

मग प्राचीनतेची गोष्ट. तिचा मोठा प्रचारक हाइन्झ एडगर कीवं. हा ऑक्सफर्डमध्ये लोकर आणि भरतकामाच्या सामानाचा व्यवसाय करायचा. १९३६ मध्ये त्यानं डब्लिनच्या एका दुकानातून असा पांढरा स्वेटर घेतला आणि तो त्याच्या प्रेमातच पडला. १९६७ मध्ये त्यानं 'द सेक्रेड हिस्टरी ऑफ निटिंग' हे पुस्तक काढलं. या नक्ष्यांचं नातं त्यानं प्राचीन केल्टिक कलेशी, धर्मचिन्हांशी जोडलं. जुन्या हस्तलिखितांतली वेलबुट्टी आणि स्वेटरवरचे पीळ एकमेकांसारखे दिसतात हे खरंच. पण आयर्लंडचं प्रसिद्ध 'बुक ऑफ केल्स' साधारण इ. स. ८०० च्या आसपासचं. दोन सुयांच्या विणकामाचे आज माहीत असलेले सर्वांत जुने नमुने इजिप्तमधले, आणि तेसुद्धा त्यानंतर काही शतकांनी विणलेले. दिसण्यातल्या सारखेपणावरून वंशावळ काढली की असं होतं.

ही वंशावळ मोडून काढली ती रिचर्ड रट यांनी. हे गृहस्थ इंग्लंडमध्ये लेस्टरचे बिशप होते आणि स्वतः उत्तम विणायचे. १९८७ च्या 'अ हिस्टरी ऑफ हँड निटिंग' या पुस्तकात त्यांनी पुरावे तपासून दाखवलं की ॲरन स्वेटर प्राचीन वगैरे नाही, तो विसाव्या शतकातला आहे. (पुरुषानं विणायला घेतल्यावर भुवया उंचावणाऱ्यांना मी हल्ली या बिशपांचं नाव सांगतो.)

मग तो आला कुठून?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पश्चिम आयर्लंड अतिशय गरीब होता. १८९१ मध्ये सरकारनं तिथल्या सर्वांत हलाखीच्या भागांसाठी 'कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड' स्थापन केलं. मासेमारीला बोटी, धक्के आणि बायकांना घरबसल्या पैसे मिळतील असे हस्तोद्योग, ही त्याची कामं. मासेमारी वाढली तशी बाहेरची माणसं बेटांवर येऊ लागली. ब्रिटनच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार 'गॅन्सी' नावाची गडद निळी, घट्ट विणीची जर्सी घालायचे. तिच्या छातीवर बारीक नक्षी असायची. ॲरनच्या बायकांनी ती पाहिली, घेतली आणि बदलली. लोकर जाड केली, नक्षी छातीवरून सगळ्या अंगभर पसरवली, पिळांवर पीळ चढवले.

आणि पांढरा रंग? मला सर्वांत आवडलेला तुकडा हा. बेटावरच्या आठवणींतून अभ्यासकांनी नोंदवलं आहे की पुरुषांच्या कामाच्या जर्सी गडद असायच्या. न रंगवलेल्या पांढऱ्या लोकरीचा स्वेटर विणला जायचा तो लहान मुलासाठी, त्याच्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी घालायला. वसई-गोव्याकडच्या वाचकांना हा दिवस माहीत असेल. सात-आठ वर्षांचं पोर, नवे कपडे आणि चर्चमध्ये जमलेलं सगळं गाव. पांढऱ्यावर पिळाची सावली पडते, उठाव दिसतो, एकेक टाका मोजता येतो. आणि चर्चमध्ये तो मोजायला विणणाऱ्या बायकाच बसलेल्या.

म्हणजे जगाला जो खलाशाचा स्वेटर म्हणून माहीत आहे, त्याचा पांढरा रंग बहुधा एका पोराच्या सणाच्या कपड्यातून आला. तो मरणासाठी नव्हता, मिरवण्यासाठी होता.

पुढचा भाग बाजाराचा. म्युरियल गेहन या बाईंनी १९३० मध्ये डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीन चौकात 'द कंट्री शॉप' सुरू केलं. खेड्यांतल्या कारागिरांचा माल शहरात योग्य किमतीला विकायचा, हा उद्देश. ॲरनचे स्वेटर तिथे विकायला आले. कीवंनं आपला स्वेटर घेतला तो याच दुकानातून. १९६१ मध्ये क्लॅन्सी ब्रदर्स आणि टॉमी मेकम हे आयरिश गायक अमेरिकेत एड सुलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात हेच स्वेटर घालून गायले आणि मागणी खूप वाढली. माल विकायचा तर गोष्ट लागते. दोर, शेतं, घराणी आणि बुडालेली माणसं त्या कामी आली.

गोष्ट खोटी निघाली म्हणून मी चिडलो नाही. राग आला तो वेगळ्या कारणानं. या गोष्टीत विणणारी बाई कुठेच नाही. नक्षी पूर्वजांची, खूण घराण्याची, स्वेटर खलाशाचा. प्रत्यक्षात आठवड्यांचे आठवडे चुलीपाशी बसून, शेजारणीचा पीळ बघून त्यात आपली भर घालणारी बाई मात्र फक्त 'परंपरा जपणारी'. तिनं परंपरा जपली नव्हती. तिनं ती एका पिढीत तयार केली होती. कोड लिहिणाऱ्याचं नाव पुसून तिथे 'जुनी सिस्टिम' लिहावं, तसं हे.

मी आजीला फोन केला. तिच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे, विणणं सुटलंय. मी विचारलं, "आजी, माझ्या निळ्या स्वेटरवर तू वेणी घातली होतीस, तिचा काही अर्थ होता का गं?"

"अर्थ कसला रे? समोरच्या कुलकर्णीबाईंनी त्यांच्या नातवाला दोन वेण्यांचा केला होता. मी तुला तीन घातल्या."

मग थांबून म्हणाली, "गळा बघून कर हो. लहान पोरांचं डोकं मोठं असतं."

मी पुस्तकी हिशेब केला होता. भाच्याची छाती ५६ सेंटिमीटर, त्यात थोडी सैल जागा. पीळ कापडाला आडवं आवळतात, म्हणून साध्या विणीपेक्षा जास्त टाके घेतले. आधी पिळांचा चौकोनी नमुना विणून मोजला. एवढं करून गळ्याकडे नीट पाहिलंच नाही. जानेवारीत निफाडला गेलो, स्वेटर भाच्याच्या डोक्यातून घातला आणि तो कानांवर अडकला. आतून आवाज आला, "मामा, अंधार झाला!" ताई हसून हसून खाली बसली.

रात्री डाव्या खांद्याची शिवण उसवली, पट्टी विणली आणि तीन बटणं लावली. ते करताना लक्षात आलं, माझ्या निळ्या स्वेटरच्या खांद्यावरही तीन बटणं होती. इतकी वर्षं मला ती शोभेची वाटायची.

भाचा मोठा झाल्यावर विचारेल, मामा, या पिळाचा अर्थ काय? दोराची गोष्ट सांगणं सोपं आहे. मी त्याला कुलकर्णीबाईंच्या दोन आणि आपल्या पणजीच्या तीन वेण्यांची गोष्ट सांगणार आहे. तुझ्या स्वेटरवर किती आहेत, मोज म्हणणार आहे. चार आहेत.