सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यास : बाल्टिमोर ते जामखेड व गडचिरोली

रोग्यास बरे करण्याची विद्या फार जुनी आहे. परंतु गावच्या गाव आजारी पडू नये म्हणून काय करावे, याचे रीतसर शिक्षण देऊन परीक्षा घेण्याची प्रथा अवघी दीडशे वर्षांची. १८७१ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजाने या विषयाची पदविका सुरू केली व १८७५ साली केंब्रिजने तोच कित्ता गिरविला. कॉलऱ्याच्या साथी सोसलेल्या इंग्लंडातील नगरांना केवळ नाडी पाहणारा डॉक्टर पुरेनासा झाला होता. पाणी कोठून येते, मैला कोठे जातो आणि कोणत्या आळीत किती माणसे मेली, हे पाहणारा अधिकारी त्यांस हवा होता.

अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम वेल्च यांच्या नेतृत्वाखाली १९१६ साली या विषयाचे स्वतंत्र विद्यालयच स्थापन झाले. त्यास द्रव्यसाह्य रॉकफेलर प्रतिष्ठानाचे होते. त्याच प्रतिष्ठानाच्या मदतीने १९३२ साली कलकत्त्यास अखिल भारतीय आरोग्य संस्था निघाली व तिने पुढे हुगळी जिल्ह्यातील सिंगूर येथे खेड्यालाच विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा केले. आमच्याकडे ही विद्या तशी उशिराच आली. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोऱ्या सोजिरांनी घरोघर घुसून झडत्या घेतल्या, ती कथा वाचकांस ठाऊक आहेच. हेतु रोग रोखण्याचा असला, तरी लोकांस विश्वासात घेतल्यावाचून तो सिद्धीस जात नाही, हा धडा महाराष्ट्राने त्या वर्षी फार महाग किंमत देऊन घेतला.

या पदवीत शिकवितात तरी काय, असा प्रश्न आमच्या पालकांकडून वारंवार येतो. साथरोगशास्त्र, जैवसंख्याशास्त्र, परिसराचे आरोग्य, आरोग्यसेवेचे व्यवस्थापन व समाजशास्त्र हे तिचे मुख्य विषय होत. पण नावांची ही यादी वाचून तिचे मर्म कळावयाचे नाही. दवाखान्याच्या नोंदवहीत जो आला त्याचे नाव असते, जो आलाच नाही त्याचे नसते. शंभर रोगी बरे झाले असे डॉक्टर सांगतो, तेव्हा या विद्येचा विद्यार्थी विचारतो, गावात आजारी किती होते? भागाकारातील तो छेद शोधून काढणे हीच, आमच्या मते, या विद्येची खरी दीक्षा. ही गोष्ट महाराष्ट्रात ज्यांनी आपल्या कार्याने पटवून दिली, अशा दोन दांपत्यांचा वृत्तांत येथे देतो.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. पुढे जॉन्स हॉपकिन्स येथे त्यांनी ही पदवी घेतली. तेथे त्यांस डॉ. कार्ल टेलर हे गुरु लाभले. टेलर यांचा जन्म मसुरीच्या डोंगरात झालेला असल्यामुळे हिंदुस्थानचे खेडे त्यांस परके नव्हते. १९७० साली आरोळे दांपत्य नगर जिल्ह्यातील जामखेडास येऊन राहिले. तो प्रदेश अवर्षणाचा, आणि लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हती, पाण्याची व अन्नाची होती. त्यांनी कूपनलिका खोदविल्या त्या दलितवस्तीत. परिणामी पाण्यासाठी वरच्या म्हणविणाऱ्या जातींस तेथे यावे लागले. गावोगावच्या स्त्रिया, ज्यांपैकी अनेक निरक्षर होत्या, त्यांस आरोग्यसेविका म्हणून शिकविताना निरनिराळ्या जातींच्या स्त्रियांनी एकत्र बसावे व जेवावे असा परिपाठ ठेविला. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्हांस थोडे अवघडल्यासारखे होते, पण लिहिणे प्राप्त आहे : विहिरीवरची शिवाशीव हेही रोगाचे एक कारण होय आणि ते कोणत्याही औषधाच्या बाटलीने हटत नाही. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जामखेडची हकीकत आली, व १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

दुसरे दांपत्य डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांचे. दोघांनीही १९८४ साली हॉपकिन्सचीच पदवी घेतली, गुरुही तेच टेलर. परतल्यावर त्यांनी गडचिरोली जिल्हा निवडला. राणीबाईंनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा शेकडा ९२ जणींस स्त्रीरोग असल्याचे आढळले. १९८९ साली लंडनच्या लॅन्सेट नियतकालिकात हे संशोधन छापून आले. लाजेपायी इस्पितळाची पायरी न चढणाऱ्या या स्त्रिया तोवर कोणत्याही नोंदवहीत नव्हत्या.

पुढचा प्रश्न नवजात बालकांचा. गावातल्याच स्त्रियांस आरोग्यदूत म्हणून शिक्षण देऊन त्यांनी घरी जाऊन बाळाचे वजन करावे, त्यास ऊब द्यावी, जंतुदोषाची लक्षणे ओळखावी व प्रसंगी सुईही टोचावी, अशी योजना ३९ गावांत केली. ४७ गावे तुलनेसाठी ठेविली. ही तुलनेची गावे कशासाठी, असे कोणी विचारील. पाऊस चांगला झाला, रस्ता झाला, मजुरी वाढली, तरी मृत्यु कमी होतात. मग श्रेय कोणाचे? शेजारच्या गावांशी ताडून पाहिल्यावाचून ते सांगता येत नाही. १९९३ ते १९९५ या काळात योजनेच्या गावांतील नवजातांचा मृत्युदर हजारी ६२ होता, योजनेच्या तिसऱ्या वर्षी तो सुमारे २५ वर आला. तुलनेच्या गावांत त्याच वर्षी तो जवळजवळ ६० होता. ही आकडेवारी १९९९ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाली. २०११ साली केंद्र सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत नवजात बालकांची घरपोच काळजी घेण्याची योजना देशभर सुरू केली.

आता या शिक्षणासाठी सातासमुद्रापलीकडे जाण्याची गरज उरलेली नाही. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेत १९९७ पासून, आणि पुढे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतही, हा अभ्यासक्रम सुरू झाला. शिवाय तो केवळ डॉक्टरांपुरता राहिलेला नाही, अनेक ठिकाणी इतर शाखांच्या पदवीधरांनाही प्रवेश मिळतो. तथापि आमच्या शिष्यवृत्ति-निधीच्या नियमांत ‘वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षण’ एवढेच शब्द आहेत. समाजशास्त्र वा संख्याशास्त्र शिकलेली एखादी मुलगी या पदवीसाठी अर्ज करील, तर तो नियमात बसत नाही म्हणून परत करावा लागेल. येत्या सर्वसाधारण सभेत या नियमात ‘सार्वजनिक आरोग्य’ हे दोन शब्द घालण्याची सूचना आम्ही मांडणार आहोत. ज्या सभासदांचा तीस पाठिंबा असेल, त्यांनी तत्पूर्वी चिटणीसांस लेखी कळवावे.