आत्मविश्वास व आत्मसन्मान

हाती घेतलेले विशिष्ट कार्य आपल्याकडून तडीस जाईल या खात्रीस आत्मविश्वास, आणि आपण मनुष्य म्हणून मोलाचे आहोत या स्थिर भावनेस आत्मसन्मान म्हणतात. पहिला कार्यागणिक कमीअधिक होतो; दुसरा समग्र व्यक्तित्वाला व्यापून असतो.

अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली आत्मसन्मानाचे सूत्र मांडले : यशाला आकांक्षेने भागले असता जे येते, ते त्याचे माप. मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ ची दहा विधानांची मापनश्रेणी आजही प्रचारात आहे.

आत्मविश्वास कशाने वाढतो, याचा सर्वांत विश्वसनीय उलगडा ॲल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये केला. स्वतः केलेल्या कृतीतील यश, आपल्यासारख्याच दुसऱ्याचे पाहिलेले यश, इतरांनी दिलेला धीर आणि छातीतील धडधडीसारख्या शरीरलक्षणांचा आपण लावलेला अर्थ, असे चार उगम सांगून त्यांनी पहिल्यास अग्रस्थान दिले. ज्यांना सापाचे अतोनात भय वाटे, अशांपैकी ज्यांनी मार्गदर्शकाच्या सोबतीने पायरीपायरीने प्रत्यक्ष साप हाताळला, त्यांचा विश्वास नुसते पाहत राहिलेल्यांपेक्षा अधिक दृढ झाल्याचे त्यांना आढळले. म्हणून भित्र्या मुलास व्यासपीठावर एकाएकी उभे करणे किंवा त्याची सरसकट वाखाणणी करणे, हे दोन्ही मार्ग त्याज्य होत. त्याला झेपेल एवढे काम देऊन ते पुरे झाल्यावर नेमके काय साधले ते सांगावे, आणि मगच पुढील पायरी दाखवावी. रॉय बाउमायस्टर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये घेतलेल्या आढाव्यातही, आत्मसन्मान उंचावल्याने शालेय प्रगती होते याला पुरेसा आधार मिळाला नाही. उलट चांगल्या प्रगतीतून तो अंशतः उपजतो, असे दिसले.

परंतु केवळ व्यक्तीच्या उद्यमावर हा विषय संपवणे अन्यायाचे होईल, कारण ज्या समाजात जन्मावरून मनुष्याची पायरी ठरते, तेथे त्याच्या आत्मसन्मानावरील आघात बाहेरून होतो आणि त्याचा प्रतिकारही चारचौघांतच करावा लागतो. याचा महाराष्ट्रातील ठळक दाखला महाडचा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला व महाड नगरपालिकेने तो स्वीकारलाही. तथापि वहिवाट बदलली नाही, आणि हक्क दप्तरातच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यासह हजारो जनांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा कागदावरील हक्क कृतीत उतरला. त्याच वर्षीच्या डिसेंबरातील परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना, जातीची खूण ठरणारी वेशभूषा व दागिने टाकून द्या, असे सांगितले. कारण हीनत्व अंगावर वागवीत असता मनातून ते हद्दपार करणे दुष्कर असते, हे त्यांनी जाणले होते. तळ्याविषयीचा न्यायालयीन दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.